घड्याळाकडे न बघणाऱ्या बाई

राजा अजून घोड्यावरच होता.

पाक दर्मोजोंनी पान उलटलं, चष्मा नाकावर सारखा केला आणि राजाच्या खोगिराचं वर्णन सुरू केलं. खोगीर मखमलीचं होतं. त्याला सोन्याची तार होती. ती तार कुठल्या गावच्या सोनारानं ओढली, त्या सोनाराचं राजदरबाराशी काय नातं होतं, हे सगळं त्यांनी बारकाईनं लिहिलं होतं. जावात वडीलधाऱ्याला मानानं ‘पाक’, म्हणजे काका, म्हणतात; हे पाक दर्मोजो म्हणजे निवृत्त तालुका अधिकारी, आडव्या बांध्याचा भारदस्त माणूस. पण वाचायला बसायचं ते बालवाडीतल्या तांबड्या लाकडी खुर्चीत, असा इथला नियम होता. त्यामुळे त्यांचे गुडघे हनुवटीला लागायच्या बेतात आले होते आणि कादंबरीची पानं त्या गुडघ्यांच्या शिखरावर डुगडुगत होती.

वार्सिनीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मागे शेगडीवर मोगऱ्याच्या चहाचं पाणी उकळत होतं. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, पण त्यांनी तिकडे पाहिलं नाही. उन्हाची पट्टी फरशीवरून सरकत खिडकीखालच्या कुंडीपाशी आली होती. त्यावरून त्यांना वेळ कळली. राजा आता उतरला नाही, तर आजही त्यांची पाळी येणार नव्हती.

आज मात्र ती यायलाच हवी होती. चहाच्या ट्रेवर फडकं अंथरलेलं होतं आणि त्याखाली त्यांची चार पानं होती. सकाळी अंघोळ झाल्यावर त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं की आज आपली गोष्ट वाचायची, आणि ती झाली की सगळ्यांना सांगायचं, बाबांनो, ही बैठक आजपासून बंद.

“...आणि महाराजांनी लगाम किंचित ओढला,” पाक दर्मोजो म्हणाले आणि पानं मिटली. “इथवर झालंय.”

सगळ्यांनी मांजराकडे पाहिलं. तीनरंगी तेलोन कपाटाजवळ चटईवर पसरली होती. एंदांगनं, औषधाच्या दुकानात काउंटरवर बसणाऱ्या त्या जाड भुवयांच्या बाईनं, पुढे वाकून तिला विचारलं, “काय गं तेलोन, हा राजा मागच्या बैठकीला घोड्यावर चढला. उतरणार कधी? घोड्याला कुणी विचारलं का, बाबा तुला झेपतंय का?”

“घोडा मेला असणार, तेलोन,” योयोक म्हणाला. तो मोबाइल दुरुस्त करायचा आणि भुताच्या गोष्टी लिहायचा. “मेला असला तर मला द्या म्हणावं. मी त्याचं भूत करतो.”

तेलोननं शेपटी एकदा आपटली. पाक दर्मोजोंचे कान लाल झाले, पण ते गप्प राहिले. सगळ्यांचं बोलून होईपर्यंत वाचणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही, हाही नियम होता. शेवटी ते एवढंच म्हणाले, “पुढच्या वेळी उतरवतो.”

हे सगळे नियम वार्सिनीबाईंचेच.

उभा जन्म त्यांनी सालातिगा गावच्या एका बालवाडीत घालवला. निवृत्त झाल्यावर एके दुपारी त्या बसल्या आणि एक गोष्ट लिहिली. चांगली झाली की वाईट, हे त्यांना कळेना. औषध आणायला गेल्या तेव्हा त्यांनी ते एंदांगला सहज बोलून दाखवलं, तर काउंटरखालून तिनं स्वतःच्या कवितांचा गठ्ठा काढला. तिनं पाक दर्मोजोंना गाठलं, पाक दर्मोजोंनी आपला मोबाइल दुरुस्त करणाऱ्या योयोकला ओढून आणलं, आणि बैठक सुरू झाली. पाच आठवड्यांतून एकदा रविवार आणि लेगी, म्हणजे जावातल्या पाच दिवसांच्या बाजारी आठवड्यातला एक वार, एका दिवशी येतात. त्या दिवशी दुपारी बाईंच्या घरी जमायचं. आपलं लिहिलेलं वाचायचं आणि दुसऱ्यांनी खरं खरं सांगायचं.

पण खरं सांगणार कोण? पहिले काही महिने जो तो वाचायचा आणि बाकीचे म्हणायचे, “छान.” फारच वाईट असेल तर म्हणायचे, “फारच छान.” समोरच्याच्या तोंडावर त्याच्या लिखाणात खोट काढणं म्हणजे भरल्या ताटावरून उठवण्यासारखं. ते कुणाच्याही जिभेवर येईना. तेव्हा बाईंना आपली बालवाडी आठवली. मुलं एकमेकांची तक्रार बाईंकडे करायची नाहीत. शाळेच्या अंगणात एक मांजर यायचं, त्याच्याशी बोलायची. ‘मांजरा, हा माझा रंग घेतो आणि देत नाही.’ आणि रंग घेणारा ते ऐकत शेजारीच बसलेला असायचा. लेकी बोले सुने लागे, तशातला प्रकार. बाईंनी शाळेत मोडीत निघालेली तांबडी खुर्ची मागून आणली, घरच्या मांजराला मधे बसवलं आणि सांगितलं, “जे काय बोलायचं ते तेलोनला सांगा.” त्या दिवसापासून माणसांची तोंडं उघडली.

गाडी अशी चालू लागली. फक्त यजमानीण आधी कशी वाचणार? पाहुणे आधी, घरचा माणूस शेवटी. म्हणून बाईंनी स्वतःची पाळी शेवटी ठेवली. पाक दर्मोजो वाचायचे, एंदांग वाचायची, योयोक वाचायचा, मधे तळलेली केळी, वाफवलेला कसावा, चहा. आणि शेवट यायच्या आत मशिदीतून सांजेची बांग व्हायची. मग सगळे उठायचे, फाटकाशी पुन्हा थोडा वेळ बोलायचे आणि जायचे. “बाई, पुढच्या वेळी तुमचं नक्की हं.” असं म्हणता म्हणता वर्षं लोटली. पुढे पुढे कुणी तेही म्हणेनासं झालं. बाईंची गोष्ट कपाटात पडून राहिली आणि दुसरी त्यांनी लिहिली नाही. बैठकीच्या आदल्या दिवशी साफसफाई, त्या दिवशी स्वयंपाक, दुसऱ्या दिवशी भांडी, आणि मधल्या दिवसांत या तिघांची पानं वाचून त्यावर विचार करायचा. आपणच घातलेल्या मांडवात आपल्यालाच बसायला जागा राहिली नव्हती.

त्यांनी सुटायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा म्हणाल्या, “गुडघे फार दुखतात हो हल्ली.” पुढच्या बैठकीला तिघांनी तीन प्रकारची तेलं आणली, आणि एंदांगनं तिथल्या तिथे त्यांचे पाय चोळून दिले. एकदा म्हणाल्या, “छप्पर गळतंय, पावसाळ्यात इथं बसणं काही खरं नाही.” दुसऱ्या रविवारी योयोक शिडी घेऊन हजर. दिवसभर छपरावर बसून त्यानं कौलं बदलली आणि उतरून म्हणाला, “बाई, आता काळजी नाही. बैठक अडायची नाही.” ‘बंद करू या’ असं सरळ म्हणायचं, तर ज्या माणसानं आपल्यासाठी छपरावर ऊन खाल्लं त्याला ते कुठल्या तोंडानं म्हणणार?

आता योयोकनं पाक दर्मोजोंना दोन्ही हात धरून खुर्चीतून ओढून काढलं. एंदांग आपल्या पिशवीतून कागद काढत होती. पुढची पाळी तिची.

बाईंनी ट्रे आणून टेबलावर ठेवला. झाकणाचे चार पेले, केळ्यांची ताटली. मग त्यांनी फडक्याखालून आपली पानं काढली, दोन पावलं टाकली आणि तांबड्या खुर्चीत बसल्या.

बसल्या म्हणजे बसकणच मारली. खुर्ची त्यांना वाटली होती त्याहून फार खाली होती. गुडघ्यांतून कळ गेली, आणि त्याच क्षणी त्यांना कळून चुकलं की आता आपल्याला आपलं आपण उठता येणार नाही.

“बाई?” एंदांग म्हणाली. “तिथं काय बसलात? काही पडलं का?”

“मी वाचते,” बाई म्हणाल्या.

योयोकनं घाईघाईनं आपली मांडी सावरली, वर्गात बाई आल्यावर मुलं सावरतात तशी. बाईंनी वाचायला सुरुवात केली.

त्यांच्या गोष्टीत लास्त्री नावाची एक मुलगी होती. तिची आई हाँगकाँगला कुणाच्या तरी घरी कामाला गेलेली. आजी बाजारात भाजी विकायची, आणि भाजी संपल्याशिवाय तिला नातीला न्यायला येता यायचं नाही. शाळा सुटली की सगळी मुलं जायची आणि लास्त्री आपली छोटी खुर्ची उचलून फाटकाशी नेऊन बसायची. बाई तिच्याशेजारी बसायच्या. शिपाई कुलूप घेऊन उभा राहायचा. बाई लास्त्रीला गोष्टी सांगायच्या, गाणी म्हणायच्या आणि घड्याळाकडे कधीही बघायच्या नाहीत. कारण बाई जिकडे बघतील तिकडे ती मुलगी बघायची, आणि मग तिला कळलं असतं की उशीर झालाय. एके दिवशी आजीऐवजी कुणी तरी मामा आला आणि लास्त्रीला दुसऱ्या गावी घेऊन गेला. फाटकाशी छोटी खुर्ची तेवढी राहिली.

वाचताना बाईंचा आवाज दोनदा अडकला. पानं संपली तेव्हा त्यांनी ती गुडघ्यांवर सारखी केली. मुलांना काय वाटत असेल, असं त्यांच्या मनात आलं. इतकी वर्षं आपण म्हणत आलो, ‘चल रे, वाच, घाबरतोस काय?’

“आता बोला,” त्या म्हणाल्या आणि ओठ मिटून घेतले.

एंदांगनं मांजराकडे पाहिलं. तिच्या जाड भुवया वर गेल्या, खाली आल्या. “तेलोन,” ती म्हणाली, “गोष्ट फार सुंदर आहे गं. मला रडूच आलं.”

“तेलोन, छान आहे,” योयोक म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, “फारच छान.”

फारच छान! ज्या शब्दापासून सुटका व्हावी म्हणून त्यांनी मांजर आणलं, खुर्ची आणली, त्याच शब्दाचं झाकण आज त्यांच्यावर पडत होतं. बाईंच्या लिखाणात खोट काढायची तर मांजराचा आडोसाही पुरत नव्हता. त्यांनी एंदांगकडे पाहिलं. ती ताटलीतल्या केळ्यांकडे बघत होती. झाकणांखालचा चहा केव्हाच निवला होता, आणि पेल्याला मात्र कुणाचा हात लागला नव्हता. तेव्हा बाईंना उमगलं की आपण ‘घ्या’ म्हणायलाच विसरलो. यजमानीण ‘घ्या’ म्हणेपर्यंत पाहुणा पेल्याला हात लावत नाही. आणि वाचणाऱ्याला तर बोलायची बंदी. म्हणजे आता कुणालाच चहा नाही. एरवी बाईंना हसू आलं असतं.

तेवढ्यात तेलोन उठली, पाठ ताणली आणि पुढच्या दारातून अंगणात निघून गेली.

“झालं,” योयोक म्हणाला. “मांजर गेलं. आता कुणाशी बोलायचं?”

“येईल पुन्हा,” एंदांग लगेच म्हणाली. तिला सुटल्यासारखं झालं होतं. “तोवर मी माझं...”

“मला बोलायचंय,” पाक दर्मोजो म्हणाले.

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. पुसायला त्यांना बराच वेळ लागला.

“बाई, मांजर नाहीये. तेव्हा तुम्हालाच सांगतो. ही तुमच्या गोष्टीतली बाई मला खरी वाटत नाही.”

“अहो पाक!” एंदांग म्हणाली.

“थांब गं. रोज ती त्या पोरीबरोबर बसते. ऊन उतरतं, तो शिपाई कुलूप वाजवत उभा असतो, आणि ही गाणी म्हणते. घड्याळाकडे बघत नाही. बरं, नका बघू. पण तिच्या मनात तरी येऊ दे ना, घरी कधी जाईन म्हणून? तिला भूक लागू दे. पाय दुखू देत. त्या भाजीवाल्या म्हातारीचा राग येऊ दे एकदा. चार पानांत ही बाई एकदाही वैतागत नाही! चौकातला पुतळासुद्धा कावळ्यांना कंटाळत असेल.”

योयोकला हसू आलं. त्यानं ते खोकल्यात लपवलं.

“आणि पोरीला काय, कळत नसेल?” पाक दर्मोजो आता बाईंकडे बघत नव्हते. ते आपल्या चष्म्याशी बोलत होते. “पोरीला सगळं कळतं. घड्याळाकडे बघायचंच नाही असं ठरवून बसलेल्या माणसाची मान कशी ताठ होते, ते मला विचारा. या घरात मी ती मान किती वर्षं बघतोय.”

एंदांगनं डोळे मिटून घेतले.

“मी इथं बसून वाचत असतो. तुम्ही त्या दारात उभ्या. समोर घड्याळ. मी मनात म्हणतो, आता बघतील, म्हणजे मी थांबेन. तुम्ही बघत नाही. यजमानीणच बघत नाही, तर पाहुण्यानं कसं थांबायचं? लवकर उठलो तर तुम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याला आपल्या घरचं गोड लागलं नाही. मग मी आणखी एक पान वाचतो. घरी त्याच्यासाठी जास्तीची पानं लिहून आणतो, बाई! त्या राजाला घोड्यावरून उतरवायला मला काय लागतंय?”

एवढं बोलून त्यांनी चष्मा घातला.

उत्तर बाईंच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. तुम्हाला काय माहीत, म्हणावंसं वाटलं. मी तिच्यासाठी बसत होते, तुमच्यासाठी उभी राहत होते, माझं काय चुकलं? पण वाचणाऱ्यानं बोलायचं नाही. नियम त्यांचाच, आणि तो पहिल्यांदाच त्यांच्या ओठांवर बसला होता. बोलता येईना, उठता येईना. तांबड्या खुर्चीचे दोन्ही हात त्यांना दोन्ही बाजूंनी घट्ट धरून होते. आणि बोलता येत नव्हतं म्हणूनच ते शब्द त्यांना टोलवता आले नाहीत. विहिरीत टाकलेला दगड फार वेळानं तळाशी वाजावा, तसे ते आत कुठे तरी जाऊन वाजले. भूक लागायची. पाय दुखायचे. त्या भाजीवाल्या आजीचा तर असा राग यायचा, की ती एकदा पावसात भिजत, हाका मारत धावत आली तेव्हा बाईंनी मुद्दाम ओ दिली नव्हती. हे गोष्टीत नव्हतं. यातलं काहीच गोष्टीत नव्हतं.

“मी... मी चहा गरम करून आणते,” एंदांग म्हणाली आणि ट्रे उचलून जवळजवळ पळालीच.

स्वयंपाकघरातून शेगडी पेटवल्याचा आवाज आला. मग एक कपाट उघडलं. दुसरं उघडलं. डबे वाजले.

“बाई, साखर कुठंय?”

योयोक आणि पाक दर्मोजो बाईंकडे बघू लागले. साखर तांदळाच्या पिंपामागे, बिस्किटांच्या जुन्या डब्यात होती. मुंग्या लागतात म्हणून बाई ती तिथेच ठेवायच्या, आणि इतक्या वर्षांत त्या घरात दुसऱ्या कुणाला साखर काढावी लागली नव्हती. बाईंनी ओठ उघडले नाहीत.

“योयोक, तू तरी ये! हे काय आहे? मीठ आहे का हे?”

“चाखून बघ की!”

“मीठच आहे! अगंबाई, एका पेल्यात घातलं की मी!”

“तो पेला दर्मोजोकाकांना दे,” योयोक म्हणाला आणि जीभ चावून उठला.

पाक दर्मोजो आधी हसले नाहीत. मग त्यांचं पोट हलायला लागलं.

आत दोघं कपाटांशी झटापट करत होते. बाहेर अंगणात उन्हानं भिंतीचा वरचा काठ धरला होता. बाईंनी मान वर केली. ती सहज वळली नाही. थोडा जोर लावावा लागला. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ओझरतं नाही, चांगलं टक लावून, आपण बघतोय हे पाक दर्मोजोंना दिसेल असं.

पाक दर्मोजोंनी ते पाहिलं. मग त्यांनीही घड्याळाकडे पाहिलं, आणि त्यांच्या खांद्यांवरून काही तरी उतरल्यासारखं झालं.

“चला,” ते मोठ्यानं म्हणाले. “एंदांग, योयोक, शेगडी बंद करा. निघू या. बाईंना उशीर होतोय.”

“आत्ताच? बांग झाली नाही अजून,” एंदांग दारात येऊन म्हणाली. तिच्या हाताला मीठ लागलं होतं. तिनं बाईंचा चेहरा पाहिला आणि पुढे काही विचारलं नाही.

योयोकनं दोन्ही हात पुढे केले. “या बाई, उठवतो.”

बाईंनी मान हलवली. नको.

तिघं चपला घालू लागले. एंदांग मात्र उंबऱ्यातच घुटमळली. “बाई, पुढची लेगी आहे ना?”

सगळ्यांचं बोलून झालं होतं. आता बाईंना बोलायला मोकळीक होती. सकाळपासून पाठ केलेलं वाक्य त्यांनी मनात शोधलं. ‘बाबांनो, ही बैठक आजपासून बंद.’ ते होतं तिथेच होतं, शब्द न् शब्द. पण हातात ही चार पानं होती आणि ती पुन्हा लिहायला हवी होती. लिहिल्यावर ती कुणाला वाचून दाखवायची? मांजराला? कोंडवाडा तोच होता. फक्त कडी आता आतल्या बाजूला आली होती, आणि ती काढायला त्यांचाच हात धजेना.

“आहे,” त्या म्हणाल्या. “येताना साखर घेऊन ये. आणि पाक दर्मोजो, राजाला उतरवून आणा.”

“उतरवतो. तुम्ही त्या बाईला वैताग आणा.”

फाटकाची कडी वाजली. बाई फाटकाशी नव्हत्या, म्हणून फाटकातलं बोलणंही झालं नाही. पावलं लांब गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बैठकीचं घर दिवसाउजेडी रिकामं झालं होतं.

बाई उठायला गेल्या आणि पुन्हा टेकल्या. मग त्यांनी तो नाद सोडला. इतक्या खालून त्यांनी आपलं घर कधी पाहिलं नव्हतं. टेबलाची खालची बाजू कच्च्या लाकडाची होती, तिला रंगच लावलेला नव्हता. दाराची कडी डोक्याच्याही वर होती. उघड्या दारातून अंगण दिसत होतं आणि त्यापलीकडे पत्र्याचं बंद फाटक. उभं राहिलं की फाटकावरून सगळी गल्ली दिसायची, येणारा माणूस कोपऱ्यापासून ओळखू यायचा. खुर्चीतून मात्र फाटकाखालची फट तेवढी दिसत होती, आणि त्या फटीतून पाय. एक रबरी चपलांची जोडी गेली. मग सायकलचं चाक. मग कुणाचे तरी चिखलाचे, अनवाणी पाय.

त्यांनी शेजारच्या टेबलाखाली पडलेली एंदांगची पेन्सिल ओढून घेतली. पहिल्या पानावर आडवी रेघ मारली. दुसऱ्यावरही. मग पान उलटं करून गुडघ्यावर ठेवलं आणि लिहिलं, ‘लास्त्रीला फाटकाखालून फक्त पाय दिसायचे.’

मशिदीतून बांग झाली. बाई पेन्सिल हातात धरून फटीकडे बघत राहिल्या, कुणाचे पाय थांबतात का ते.